कळपातली मोकळी जागा

१

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. शिक्रापुरात खोली करून राहणारे बाकीचे लोक त्या दिवशी कपडे धुतात, झोपा काढतात, नाहीतर पुण्याला जातात. मी बुधवारची शिफ्ट संपली की स्कूटी काढते आणि निमोण्याला जाते. अम्मी-अब्बांना भेटायला, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे. पण गेले दोन हिवाळे मी मुख्यतः घोडे बघायला जाते.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. तिथं घोड्यांचा एक कळप राहतो. ते कुणाचे नाहीत. टांगे बंद पडले, वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, नवरदेव मोटारीतून मांडवात उतरायला लागले, आणि लॉकडाऊनमध्ये तर वरात हा प्रकारच थांबला. ज्यांना चारा परवडेना त्यांनी आपली जनावरं गुपचूप माळावर आणून सोडली. काही मेली. जी तगली ती एकमेकांच्या आधारानं राहिली. उन्हाळ्यात पाणी आटलं की हा कळप खाली भीमेकडं, दौंडच्या बाजूला उतरतो आणि दिवाळीनंतर परत येतो. आता त्यांच्यात माळावरच जन्मलेली शिंगरंही मोठी झालीत. त्यांच्या गळ्यात कधी दावं पडलेलं नाही. माणूस दिसला की कान टवकारतात आणि वाऱ्यासारखी निघतात.

माझे अब्बा, महबूब शेख, यांनी शिरूरात उभा जन्म लग्नाचे घोडे पाळले. आमची शेवटची घोडी म्हातारी होऊन तबेल्यातच गेली. अब्बांनी कुणाला माळावर सोडलं नाही. ती गेल्यावर अम्मीच्या माहेरच्या थोड्या जमिनीवर, निमोण्यात, ते दोघं राहायला आले. आणि अब्बा रोज दिवस मावळायच्या सुमाराला माळावर जाऊन बसायला लागले.

घोडे कसे बघायचे ते त्यांनीच मला शिकवलं.

"घोड्याकडं रोखून बघायचं न्हाई, शिरीन. रोखून बघतो तो खाणारा. आपण आपलं भलतीकडं बघत बसायचं. मग ते आपल्याकडं बघतं."

आमच्या घरात दख्खनी बोलतात. पण घोड्यांचा विषय निघाला की अब्बा मराठीवर येतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून आम्ही भलतीकडं बघत बसायचो, म्हणजे चंद्राकडं. माळाच्या मध्ये एक पाझर तलाव आहे. त्याच्या अलीकडं हिवराचं झाड आहे, त्याखाली आम्ही चादर टाकायचो. पुनवेच्या आगेमागे, इकडं सूर्य बुडाला की तिकडं तलावापलीकडच्या टेकाडामागून चंद्र वर यायचा. हिवाळ्यातला चंद्र स्वच्छ असतो, घासून ठेवलेल्या पितळी परातीसारखा. तो पाण्यात उतरला की घोडेही पाण्यावर उतरायचे. एकामागं एक, ओळीनं.

अंधार दाटायच्या आत आम्ही घरी. आमच्याकडं बिबट्या आहे. उसात राहतो, आणि आता त्याला माणसाचं काही वाटत नाही.

२

ओळीतली ती जागा माझ्या नजरेला पहिल्यांदा कधी आली ते आठवत नाही. आली, एवढं खरं.

मी क्वालिटीत आहे. पट्ट्यावरून एकसारखे पार्ट सरकत जातात आणि त्यातला एखादा वेगळा असला की तो डोळ्याला खुपतो. विचार करावा लागत नाही. तसंच ते खुपलं. पुढं पांढरी घोडी, तिच्यामागं काळ्या आयाळीचा तांबूस कुमैत, मग पांढऱ्या-काळ्या ठिगळांचा अबलख, मग दोन-तीन तांबडे. सगळे एकमेकांच्या शेपटीला नाक लावून. आणि मग एका घोड्याएवढी जागा मोकळी. तिच्यामागं एक काळी घोडी, आणि परत सगळे दाटीनं.

मला वाटलं, काळी मागं रेंगाळली असेल. पण ती रेंगाळत नव्हती. पुढचे थांबले की तीही थांबायची, ते चालले की चालायची, पण ती जागा भरून काढायची नाही. पाण्याशी सगळे शेजारी शेजारी उभे राहिले, तिथंही तांबड्याच्या आणि काळीच्या मध्ये तेवढीच फट.

"अब्बा, ती काळी पुढच्याला भिते का?"

"का?"

"मध्ये जागा सोडते."

अब्बांनी चंद्रावरची नजर काढली नाही. "सोडत्यात," ते म्हणाले.

सोडते असं ते म्हणाले नाहीत. सोडत्यात म्हणाले, सगळे मिळून.

मी स्वतःला समजावलं. जनावरांत मानपान असतो. कोण कुणाच्या शेजारी उभं राहायचं हे ठरलेलं असतं. एखादी लाथ लक्षात राहिली असेल. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम काळीवर लक्ष ठेवलं. त्या दिवशी ती ओळीत सगळ्यात शेवटी होती. मोकळी जागा पुढं सरकली होती. आता ती अबलख आणि एका तरण्या शिंगराच्या मध्ये होती.

म्हणजे भांडण काळीचं नव्हतं.

३

मार्गशीर्षाची पुनव आली आणि थंडी खरी सुरू झाली. संध्याकाळीच बोटं बधिर व्हायची. चंद्र वर आला, घोडे उतरले, आणि त्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघायला लागल्या. मागून चंद्राचा उजेड, त्यामुळं प्रत्येक घोड्याच्या तोंडापुढं पांढरा भपकारा दिसायचा. येतो, विरतो, परत येतो.

मोकळ्या जागेतूनही येत होता.

मी आधी डोळे चोळले. मग म्हटलं, वारा. शेजारच्याची वाफ इकडं सरकते. मी हिवराखालचं वाळलेलं पान चुरलं आणि हातातून सोडलं. चुरा सरळ माझ्या पायावर पडला. वारा नव्हता.

मी परत बघितलं. शेजारच्या तांबड्याचा श्वास जलद होता. मोकळ्या जागेतला सावकाश. दोन्हींचा ताल वेगळा. आणि तो जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, पाण्याकडं झुकलेला होता.

माझ्या पाठीतून थंडी गेली. ती हवेतली नव्हती.

"अब्बा," मी कुजबुजले. "तुम्हाला दिसतंय?"

त्यांनी चादर माझ्या खांद्यावर ओढली. "चल. बिबट्याची वेळ झाली."

वाटेत मी खोदून खोदून विचारलं. शेवटी गावाचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाले, "मला कळत असतं तर सांगितलं असतं, बेटा. मला कळत न्हाई. पण ती घोडी त्याला भीत न्हाईत. म्हंजी मग मीबी भीत न्हाई."

तेवढ्यात बांधावर हौसराव आबा भेटले. माळाला लागून त्यांची ज्वारी आहे. मोठे बागायतदार, सोसायटीत आणि पंचायतीत त्यांचा शब्द चालतो.

"महबूबभाई, तुमची पाव्हणी मंडळी हुरड्यावर यायला लागली," ते म्हणाले. "संक्रांतीनंतर एक व्यापारी बोलावलाय. समदी धरून नेणार हाय."

"कुठं नेणार?"

"त्यो बघंल."

"आबा, तो व्यापारी कशाचा हाय ते तुम्हालाबी ठाव हाय आन् मलाबी," अब्बा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ही घोडी तुमच्या लेकाच्या वरातीत नाचलीत. ती पांढरी. विश्वजीत तिच्यावरच बसला हुता."

हौसराव आबा जमिनीकडं बघत राहिले. "पीक माझं जातंय. आन् दुसरं एक," ते म्हणाले, "माझं कुत्रं त्यांच्यावर भुंकत न्हाई. बिबट्यावर भुंकतं. ही घोडी बांधावर आली की ते गप खाटंखाली जाऊन बसतं. मला ते आवडत न्हाई."

४

शिक्रापुरातली माझी खोली हमरस्त्याला लागून आहे. दिवसरात्र ट्रक जातात आणि खिडकीची काच सतत थोडी थोडी थरथरत असते. त्या आवाजात मला नेहमी बरी झोप लागते. त्या आठवड्यात लागेना.

दिवसा उजेडी सगळं सोपं वाटायचं. पाणवठ्यावर थंडीत तशीच वाफ येते, हा मुद्दा मला जेवणाच्या सुट्टीत सुचला आणि मी इतकी खूष झाले, की डबा उघडा टाकून हसले. पाण्यावरची वाफ! घोड्याचा संबंधच नाही. मग आठवलं, की ती वाफ पाण्यावरून येत नव्हती. पाण्याच्या दिशेनं जात होती.

माळावर त्या संध्याकाळी मी मोबाईलवर थोडं चित्रण केलं होतं. ते बघायचं टाळत होते. संध्याकाळी खोलीवर लावलं. मोबाईलमध्ये वाफ दिसतच नव्हती, कुणाचीच नाही. नुसते काळे आकार आणि पाण्यात चंद्र. मला हायसं वाटलं.

माझ्यासोबत सायली राहते, लातूरकडची, पॅकिंगला आहे. घोड्यांचं तिला मी काही सांगितलं नव्हतं. ती चहाचा कप घेऊन मागून डोकावली.

"किती छान गं! तुमच्याकडचे?" थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इथं पाण्यात काय आहे? मासा?"

"कुठं?"

तिनं बोट ठेवलं. प्रत्येक घोड्याच्या तोंडाखालून पाण्यावर वर्तुळं निघत होती आणि एकमेकांत मिसळत होती. मोकळ्या जागेपुढं, जिथं काठावर कुणीच नव्हतं, तिथूनही निघत होती. बारीक, एकसारखी, एकामागं एक. पाण्यातला चंद्र त्यांच्यामुळं तुटत होता.

"मासाच असेल," मी म्हणाले.

"मासा एवढा वेळ एकाच जागी?" सायली म्हणाली आणि आपला चहा प्यायला लागली. तिला त्यात काही भयंकर वाटलं नाही. मी मात्र उठून खोलीतले सगळे दिवे लावले.

५

पौषाची पुनव बुधवारी होती. त्या दिवशी आमच्या लाईनवर काम अडलं आणि सगळ्यांना थांबवून घेतलं. मी दुपारीच अब्बांना फोन केला.

"आज नाही जमणार. उद्या पहाटेच निघते. मावळता चंद्र बघू आपण. चालेल?"

"चालंल की. ये."

"अम्मी?"

"ती दौंडला गेली बहिणीकडं, तुझ्या फरहत खालाकडं. तिच्या नातवाचं बारसं हाय. परवा येईल."

"मग तुम्ही एकटे माळावर जाऊ नका, अब्बा."

ते हसले. हो म्हणाले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण पट्टा सुरू झाला आणि मी फोन ठेवला.

पहाटे निघाले तेव्हा चंद्र पाठीशी होता आणि माझी सावली स्कूटीच्या पुढं पळत होती. न्हावरा फाट्याला वळल्यावर ट्रक संपले. मग नुसती थंडी, उसाचा वास आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पानांची सळसळ. ऊस असा रस्त्याला चिकटलेला असला की आमच्याकडं कुणी गाडी थांबवत नाही.

घराशी आले. दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. आतला दिवा चालू होता.

"अब्बा?"

घर अगदी नीटनेटकं होतं. बाजेवर गोधडी घडी घातलेली, उलगडलेलीच नाही. चुलीजवळ ताटाखाली भाकरी झाकून ठेवलेली. ताट उचललं तर भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. रात्रीचं जेवण. कुणी जेवलं नव्हतं.

मी त्यांना फोन लावला. घंटी माझ्या पाठीमागंच वाजली. मी दचकून भिंतीला टेकले. कोनाड्यात मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. पडद्यावर माझं नाव चमकत होतं आणि ती घंटी त्या रिकाम्या खोलीत इतकी मोठी वाटत होती, की ती बंद करायचंही सुचेना.

दारामागच्या खिळ्यावर त्यांचा मफलर नव्हता.

६

हौसराव आबांचं दार वाजवलं. सरूबाई काकूंनी उघडलं आणि माझं तोंड बघूनच आत हाक मारली. आबा काठी आणि बॅटरी घेऊनच बाहेर आले.

"काल सांजच्याला माळाकडं जाताना बघितलं मी त्यांना," ते म्हणाले. "परत येताना…" ते थांबले.

"बघितलं नाही?"

"मी लवकर जेवून पडलो, पोरी. पण कुत्रं रातभर भुंकत हुतं. तिकडंच तोंड करून."

मी माळाकडं निघाले, ते मागोमाग. कुत्रं कशावर भुंकतं हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

माळाच्या कडेला पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटायला लागलं होतं. पश्चिमेला चंद्र अजून हातभर वर होता, मोठा आणि पिवळट. गवत दवानं पांढरं झालं होतं. आमच्या पायांचा आवाज सोडला तर कुठं काही नाही. टिटवीसुद्धा नाही.

तलावाच्या उतारावर कळप उभा होता.

आम्हाला बघून तो पळाला नाही. ओळीतही नव्हता. गोल करून उभा होता, तोंडं बाहेर आणि शेपट्या आत, अंगाला अंग लावून. सगळ्यांचे कान आमच्याकडं. त्यांच्या वाफांचं एक कुंपण तयार झालं होतं आणि त्याच्या आत काय आहे ते दिसत नव्हतं.

हौसराव आबांनी बॅटरी खाली मारली आणि माझा दंड धरला. मातीत पंजे उमटले होते. ताजे, माझ्या तळव्याएवढे. ते गोलाच्या कडेकडेनं फिरले होते. आबा बॅटरी फिरवत गेले. एका ठिकाणी तो बसला होता, वाट बघत. पुन्हा उठून फिरला होता. मग उसाकडं निघून गेला होता.

"येढा मारलाय त्यानं," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पार येढा मारलाय. आत न्हाई जाता आलं."

"अब्बा!" मी ओरडले.

आणि गोलाच्या आतून, खालून, जमिनीलगत आवाज आला. बारीक, पण त्यांचाच.

"वरडू नको. बिचकतील."

७

आबा पुढं झाले तशी पांढऱ्या घोडीनं कान मागं पाडले आणि खूर आपटला. ते थांबले. "माझ्यानं न्हाई व्हायचं. तू जा. तुला वळखत्यात ती."

मी गोलाभोवती गेले, पंजांच्या ठशांवरूनच. आत शिरायला वाट नव्हती. मग दिसली. काळी घोडी आणि अबलख यांच्या मध्ये, एका घोड्याएवढी मोकळी जागा.

मी त्या जागेपुढं उभी राहिले. दोन्ही बाजूंना वाफा येत होत्या. मध्ये काहीच नव्हतं. मी नीट बघितलं, थांबून बघितलं. एक श्वासही नाही.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होते, की तिथं काही नाही. आता तिथं खरोखरच काही नव्हतं आणि तेच जास्त भयंकर होतं. कारण ते इथं नाही, तर मग कुठं आहे?

मी डोळे मिटले आणि त्या जागेतून आत गेले.

आत उबदार होतं. नुकतीच चूल विझवलेल्या घरात असतं तसं. घोड्यांच्या अंगाचा तो वास, ज्या वासात मी लहानाची मोठी झाले. अब्बा कुशीवर पडले होते. मफलर डोक्याला गच्च, चेहरा राखेसारखा, एक पाय भलताच वळलेला. पण डोळे उघडे होते आणि माझ्याकडं बघून ते हसायचा प्रयत्न करत होते.

"बिळात पाय गेला, बेटा. हलंना. रात इथंच काढली."

"एकटे?"

त्यांनी डोळे पाठीमागं वळवले.

त्यांच्या पाठीमागचं गवत दबलेलं होतं. लांबच्या लांब, एखादं मोठं जनावर बसल्यासारखं. सगळीकडच्या गवतावर दव होतं, तिथं नव्हतं. आणि त्या दबलेल्या, रिकाम्या गवताच्या एका टोकावरून वाफ निघत होती. सावकाश. येत होती, विरत होती, परत येत होती.

मी हे सगळं बघितलं आणि तरी गुडघ्यांवर बसले. अब्बांना उचलायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांच्या पाठीखाली हात घालायला मी वाकले आणि तोल सावरायला दुसरा हात पलीकडं जमिनीवर टेकवला.

हात जमिनीपर्यंत पोचला नाही.

मध्येच थांबला. गरम. हिवाळ्यात वाढते तशी दाट, बारीक लव. तिच्याखाली बरगड्या. वर येत होत्या, खाली जात होत्या.

माझा हात हवेत टेकलेला मला दिसत होता, बोटांखाली पलीकडचं गवत दिसत होतं, आणि हाताला मात्र एक जिवंत कूस लागत होती.

"भिऊ नको," अब्बा हळू म्हणाले. "आन् हात एकदम काढू नको. घोड्याच्या अंगावरनं हात एकदम काढत न्हाईत. शिकवलंय ना मी?"

शिकवलं होतं. मी हात हळूहळू पुढं सरकवला. खांदा. मान. आयाळ, दवानं ओली. हाताखाली एक थरथर गेली, माशी बसल्यावर जाते तशी. आणि तेवढ्या एका थरथरीनं माझी भीती ओसरली. सगळी नाही, पण हात काढून घ्यावासा वाटला नाही.

मग हाताखाली सगळं अंग गोळा झालं. घोडा उठताना आधी पुढचे पाय रोवतो. माझा हात वर उचलला गेला, वर, माझ्या डोक्याच्याही वर. पश्चिमेला चंद्र टेकायला आला होता. तो क्षणभर हलला, चुलीच्या झळेतून पलीकडचं हलतं तसा. त्या हलण्याला कड होती. उंच पाठीची, वाकलेल्या मानेची, माझ्याकडं वळलेल्या एका कानाची.

मग चंद्र परत गोल झाला. दबलेल्या गवताची एकेक काडी उठायला लागली.

बाहेर पांढरी घोडी फुरफुरली. गोल सुटला. ते धावत गेले नाहीत, नुसते चालत गेले, टेकाडाकडं, उजाडत्या बाजूला. हौसराव आबा डोक्यावरचा फेटा हातात घेऊन उभे होते.

८

शिरूरला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तरणे डॉक्टर होते, त्यांनी पुन्हा पुन्हा अब्बांचं अंग तपासलं.

"एवढ्या थंडीत रात्रभर उघड्यावर होते म्हणता. या वयाला… पाठ तर गरम होती आणताना. कुणी पांघरूण घातलं होतं का?"

"हो," मी म्हणाले.

दौंडहून अम्मी आली. आधी रडली, मग त्यांच्यावर चिडली, मग पाठीला तेल लावत बसली. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी अब्बा चहा फिका आहे म्हणून कुरकुर करायला लागले, तेव्हा आम्हा दोघींना हसू आवरेना.

हौसराव आबा बघायला आले. उठताना म्हणाले, "त्या व्यापाऱ्याला नको म्हनून कळवलंय. खाल्ली चार ताटं हुरड्याची तर खाल्ली." आणि मग दारात थांबून, माझ्याकडं न बघता, "सरूबाईनं बांधाजवळ पाण्याची टाकी भरून ठिवलीय. उन्हाळ्यात कशाला जायचं त्यांनी भीमंपतुर."

ते गेल्यावर मी अब्बांना विचारलं. आता मला उत्तर हवं असं नव्हतं, फक्त बोलायचं होतं.

"कोण होतं ते, अब्बा?"

ते छताकडं बघत राहिले. "रातभर हात त्याच्या पाठीवर हुता माझा. मी सारखा चाचपत हुतो. खोगिराचा वण न्हाई. पोटाला तंगाच्या पट्ट्याचा घट्टा न्हाई. तोंडाला लगामाची खूण न्हाई." त्यांनी माझा हात धरला. "त्याच्यावर कुणी कधी बसलंच न्हाई, शिरीन. एवढंच मला सांगता येतंय."

माघाच्या पुनवेला ते अजून काठीवर होते. मला म्हणाले, तू जा, बघून ये. मी एकटी हिवराखाली जाऊन बसले. आबा बांधावर काठी घेऊन उभे होते, लांब, पाठ करून. सूर्य बुडाला. तलावापलीकडून चंद्र वर आला. घोडे उतरले, ओळीनं, एकामागं एक. पांढरी, कुमैत, अबलख, तांबडे, काळी.

जागा नव्हती.

मी ओळ दोनदा बघितली. सगळे एकमेकांच्या शेपटीला नाक लावून. कुठंच फट नाही. पाण्याशीही नाही. ते गेलं असेल, मला वाटलं. ज्या कामाला आलं होतं ते झालं असेल. मी चंद्राकडं बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं, थंडीनं येतं तसं.

मग माझ्या मानेवर ऊब आली. सावकाश. आली, विरली, परत आली. तिला गवताचा वास होता. मागं वाळलेल्या काड्या हलकेच मोडल्या, कुणीतरी एक पाय उचलून दुसऱ्यावर भार घ्यावा तशा.

मी मागं वळून बघितलं नाही. चादरीवर थोडी सरकले आणि शेजारी जागा केली.